दार्जिलिंग : ओस पडलेला डोंगर

दार्जिलिंगची गोष्ट सहसा १८३५ सालापासून सांगायला घेतात. कॅप्टन लॉइड या इंग्रज अधिकाऱ्याला हिमालयाच्या पुढच्या रांगांमध्ये एक निर्मनुष्य डोंगर सापडला, सिक्कीमच्या राजाने तो ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला, डॉ. कॅम्पबेल यांनी तिथे चहाचे बी रुजवले, १८८१ मध्ये आगगाडी वर पोचली आणि जंगलाचे शहर झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून असंख्य कुटुंबे दार्जिलिंग-गंगटोकची सहल करतात. सहलीच्या माहितीपत्रकात हीच गोष्ट असते, पहाटे टायगर हिलवर नेणारा जीपवालाही बहुधा हीच सांगतो. तिच्यातल्या तारखा बरोबर आहेत. सुरुवात मात्र चुकीची आहे. तो डोंगर मुळात ओसाड नव्हता. इंग्रज तिथे पोचण्याच्या जेमतेम तीन वर्षे आधी तो ओस पडला होता, आणि तो का ओस पडला हे इंग्रजांच्याच कागदपत्रांत लिहिलेले आहे. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली, तर आज त्या डोंगरावर राहणाऱ्या लेपचा, भूतिया, लिंबू आणि गोरखा लोकांचे त्या भूमीशी आणि एकमेकांशी असलेले नाते फार वेगळे दिसू लागते.

पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. चौरस्त्याच्या मागे जो उंचवटा आहे, ज्याला इंग्रजांनी ऑब्झर्व्हेटरी हिल म्हटले आणि स्थानिक लोक महाकाल डांडा म्हणतात, तिथून सुरुवात करावी. माथ्यावर महाकालाचे स्थान आहे. पूजेला ब्राह्मण पुजारी आणि बौद्ध लामा दोघेही बसतात, आणि झाडांना बांधलेल्या मंत्रपताकांच्या माळा इतक्या दाट आहेत की वरचे आकाश तुकड्यातुकड्यांनीच दिसते. याच जागी १७६५ च्या सुमारास सिक्कीमच्या लामांनी गुंफा बांधली होती. ‘दोर्जे लिंग’ हे तिचे नाव पुढे गावाचे झाले. गोरखा सैन्याने १८१५ मध्ये ती उद्ध्वस्त केली. नंतर ती पुन्हा उभी राहिली, आणि युरोपीय वस्ती वाढल्यावर उतारावर खाली, भूतिया बस्तीत हलवली गेली. आजही चौरस्त्यावरून खाली उतरणाऱ्या रस्त्याने पायी गेले की ती पाहता येते. गुंफा म्हणजे शिधा, दाने, सण आणि यात्रा; तिला पोसणारी गावे आसपास असल्याशिवाय ती उभी राहत नाही. लॉइडच्या साठेक वर्षे आधीपासून या डोंगरावर संस्था होती, म्हणजे समाज होता.

लॉइड आणि जे. डब्ल्यू. ग्रँट १८२९ मध्ये नेपाळ-सिक्कीम सीमेचा तंटा मिटवण्याच्या निमित्ताने या बाजूला आले, तेव्हा लॉइडने दार्जिलिंगला गोरख्यांचे जुने ठाणे म्हणून ओळखले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी कॅप्टन हर्बर्ट या भूमापन खात्याच्या अधिकाऱ्याला पाहणीसाठी पाठवले. त्या काळच्या सरकारी नोंदी सांगतात की या जागी पूर्वी मोठे गाव होते, दुकाने होती, एका प्रमुख लेपचा काझीचा वाडा होता, आणि त्या वाड्याचे व दगडी गुंफेचे अवशेष अजून शाबूत होते. मग माणसे कुठे गेली? तेही नोंदलेले आहे. सिक्कीमच्या दरबारात बोलोत नावाचा बलाढ्य लेपचा मंत्री होता. राजा त्सुगफुद नामग्याल यांच्याशी त्याचे बिनसले आणि १८२६ मध्ये त्याचा खून करवण्यात आला. त्याचे नातलग आणि अनुयायी जिवाच्या भीतीने सीमा ओलांडून नेपाळच्या इलाम भागात गेले. हर्बर्टच्या हिशेबाप्रमाणे कर्त्या वयाच्या १२०० लेपचांनी दार्जिलिंग आणि आसपासचा मुलूख सोडला, आणि हा आकडा सिक्कीमच्या एकूण लोकसंख्येच्या दोन तृतीयांश होता. अंदाज कितीही ढोबळ मानला तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे. कॅम्पबेल यांनी १८३९ साली इथली लोकसंख्या शंभराच्या आसपास सांगितली, तो आकडा आपण आज दार्जिलिंगचा पहिला आकडा म्हणून वाचतो. खरे तर ती एका परागंदा झालेल्या समाजामागे उरलेली शिल्लक होती.

हा परागंदा झालेला समाज कोणता? लेपचा हे नाव इतरांनी दिलेले आहे. ते लोक स्वतःला रोंग म्हणवतात आणि कांचनजंगेच्या पायथ्यापासून तिस्ता-रंगीतच्या खोऱ्यांपर्यंतच्या आपल्या भूमीला मायेल ल्यांग म्हणतात. त्यांच्या परंपरेत पहिले जोडपे, फोदोंगथिंग आणि नुझोंगन्यू, कांचनजंगेच्या शुभ्र बर्फापासून घडले. दुसऱ्या कुठल्या देशातून आल्याची आठवण त्यांच्या कथांत नाही. नद्यांविषयीची त्यांची कथा तर ऐकावी अशी आहे. तिस्ता, जिला ते रोंगन्यू म्हणतात, आणि रंगीत हे प्रेमी. पेशोकच्या खाली भेटायचे ठरवून दोघे डोंगरावरून निघाले. तिस्तेला वाट दाखवायला साप होता, म्हणून ती सरळ पोचली. रंगीतचा वाटाड्या पक्षी दाण्यापाण्यासाठी इकडेतिकडे भटकत राहिला, म्हणून रंगीत उशिरा आला. मागाहून येऊन पाहतो तर ती आधीच पोचलेली. तो रुसला, मागे फिरू लागला आणि पाणी फुगले. त्या महापुरात तेंदोंगच्या शिखराने माणसांना तारले. त्याची आठवण म्हणून सिक्कीममध्ये दर ८ ऑगस्टला तेंदोंग ल्हो रुम फात हा सण होतो. लग्नात या नद्यांची गाणी म्हणतात. नकाशा पुढे ठेवून ही कथा वाचली की तिच्यातले निरीक्षण कळते. संगमावर एकीचे पाणी फुगले की दुसरीचे थोपते आणि वरची खोरी बुडतात. शेकडो वर्षे त्या काठांवर राहिलेल्या माणसांनाच हे माहीत असते.

रोंग लोकांचे राहणेही त्या डोंगराला धरून होते. सपाट दगडांवर टेकवलेल्या खांबांवर उभे लाकूड-बांबूचे घर, त्यात लोखंडी खिळा नाही. भूकंपात खांब दगडावर सरकतात, घर मोडत नाही. जंगलाचा एक तुकडा साफ करून काही वर्षे पिकवायचा आणि मग पुन्हा रानाला सोडायचा, अशी फिरती शेती. नाचणी आंबवून केलेली ‘ची’ ही त्यांच्याकडे पाहुणचाराची आणि पूजेचीही वस्तू आहे. बोंगथिंग आणि मून हे त्यांचे पुजारी. मून बहुधा स्त्री असते. बौद्ध आणि ख्रिस्ती धर्म आल्यावरही अनेक गावांत हे पुजारी राहिले. आणि या लोकांना स्वतःची लिपी आहे. सिक्कीम दरबाराची परंपरा तिचे श्रेय अठराव्या शतकाच्या आरंभीचा राजा चाकदोर नामग्याल याला देते, लेपचा परंपरा थिकुंग मेन सालोंग या आपल्या विद्वानाला. ‘नामथार’ या हस्तलिखित पोथ्या याच लिपीत आहेत. जनरल मेनवारिंग याने १८७६ मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि त्याने जमवलेला कोश त्याच्या मृत्यूनंतर १८९८ मध्ये बर्लिनला छापला गेला. लिपी, पोथ्या, व्याकरणाला पुरून उरेल एवढी समृद्ध भाषा असलेल्या लोकांचा उल्लेख दार्जिलिंगच्या कहाणीत ‘काही रानटी जमाती’ असा एका ओळीत व्हावा, याचा संताप यायला हवा.

पण लेपचांचे जुने दिवस म्हणजे कोणी न छेडलेले सुवर्णयुग होते, असे म्हटले तर तेही इतिहासाशी बेइमानी होईल. तिबेटी वंशाच्या नामग्याल घराण्याने १६४२ मध्ये युक्सोम येथे सिक्कीमचे राज्य स्थापले. काबी लुंगचोक येथे लेपचा प्रमुख थेकोंग तेक आणि तिबेटमधून आलेला खे बुम्सा यांनी बंधुत्वाची शपथ घेतल्याची कथा त्याआधीची. पुढे भूतिया, लेपचा आणि लिंबू या तिघांचा करारही झाला. राज्याला त्यांची संमती हवी होती, हे त्यातून दिसते. पण सत्ता हळूहळू एका बाजूला झुकत गेली. पूर्वेला दामसांगच्या गढीवर गेबू आच्योक हा लेपचा राजा भूतानशी लढला आणि दग्याने मारला गेला. कालिम्पोंगचा भाग १७०६ मध्ये भूतानकडे गेला. लिंबूंच्या लिपीचा आणि संस्कृतीचा पुरस्कार करणारा सिरिजुंगा अठराव्या शतकात सिक्कीममध्येच मारला गेला. १७८० च्या दशकात गोरखा फौजा आल्या आणि त्यांनी तिस्तेपर्यंतचा मुलूख घेतला. इंग्रज-नेपाळ युद्धानंतर १८१७ च्या तितालिया तहाने मेची आणि तिस्ता यांमधला प्रदेश कंपनीने सिक्कीमला परत दिला. म्हणजे एखादा लेपचा शेतकरी एकाच आयुष्यात आपली जागा न सोडता सिक्कीमचा, मग नेपाळचा, मग पुन्हा सिक्कीमचा प्रजाजन झाला असेल, आणि त्याला कोणी काही विचारले नसेल.

कोणी काही विचारले नाही, हेच १८३५ च्या सनदेचेही सार आहे. १ फेब्रुवारी १८३५ चे ते दानपत्र अगदी छोटे आहे. कंपनीच्या आजारी नोकरांना थंड हवेचा लाभ व्हावा अशी गव्हर्नर जनरलची इच्छा आहे, म्हणून मैत्रीखातर मोठ्या रंगीतच्या दक्षिणेची, बालासन, काहेल आणि लहान रंगीतच्या पूर्वेची, रंगनू आणि महानंदेच्या पश्चिमेची जमीन देतो, असे राजा त्यात म्हणतो. क्षेत्र सुमारे १३८ चौरस मैल. हद्द सांगायला सगळ्या नद्याच वापराव्या लागल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांची नावे त्या डोंगरातल्या लोकांनीच ठेवलेली. राजाने आधी बदल्यात तराईतला मुलूख मागितला होता. तो मिळाला नाही. सिक्कीम दरबाराच्या इतिहासात नोंद आहे की पुढे त्याला एक दुनळी बंदूक, एक रायफल, वीस वार तांबडे बनाती कापड आणि शालींच्या दोन जोड्या पाठवण्यात आल्या. १८४१ पासून वर्षाला ३००० रुपये आणि १८४६ पासून ६००० रुपये मिळू लागले. तेही फार दिवस टिकले नाहीत. नोव्हेंबर १८४९ मध्ये कॅम्पबेल आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना सिक्कीमच्या दिवाणाने काही आठवडे अटकेत ठेवले. त्याची शिक्षा म्हणून १८५० मध्ये कंपनीने पैसे बंद केले आणि तराईसह ६४० चौरस मैल मुलूख खालसा केला. भूतानशी युद्ध होऊन १८६५ मध्ये कालिम्पोंगही आले, आणि आजच्या दार्जिलिंग-कालिम्पोंग डोंगराचा नकाशा पुरा झाला. देणाऱ्या राजाने ज्यांना पळवून लावले होते, त्यांची जमीन होती ही. त्यांच्या बाजूने या साऱ्या व्यवहारात एकही सही नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. इंग्रज आले नसते तर दार्जिलिंग झालेच नसते. रस्ता, बाजार, शाळा, १८५० ची नगरपालिका, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून घूमच्या २२५८ मीटर उंचीपर्यंत चढणारी गाडी, १८९७ चे सिद्राबोंगचे जलविद्युत केंद्र, हे सारे त्यांनी आणले. हे खरे आहे, आणि त्यात आणखी एका गोष्टीची भर घातली पाहिजे. सिक्कीम आणि नेपाळमध्ये तेव्हा दास्य आणि वेठ होती. दार्जिलिंगला मजुरीचे पैसे रोख मिळत, म्हणून माणसे पळून येत, आणि त्यांना परत पाठवावे असा सिक्कीमचा सततचा तगादा कॅम्पबेल मानत नसत. शंभराची वस्ती दहा वर्षांत दहा हजारांवर गेली, त्यात या मोकळिकीचा वाटा मोठा होता. परंतु शहर उभे राहणे आणि डोंगर ओसाड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे श्रेय घेताना दुसरी गृहीत धरली गेली, कारण ‘पडीक जमीन’ म्हटले की ती वाटून टाकता येत होती. १८५० च्या दशकात व्यापारी मळे सुरू झाले, १८७४ पर्यंत ते ११३ झाले. वरच्या रानांत वनखात्याने राखीव जंगले आखली. मळा आणि राखीव जंगल यांच्यामध्ये फिरत्या शेतीला जागा उरली नाही. परतलेल्या लेपचांच्या वाट्याला आले ते वाटाड्याचे, हमालाचे, फुलपाखरे आणि वनस्पती गोळा करून देण्याचे काम. हूकरच्या प्रवासग्रंथात लेपचांच्या निसर्गज्ञानाची मनापासून स्तुती आहे. ते ज्ञान ज्या रानातून आले त्यावरचा त्यांचा हक्क मात्र त्याच पिढीत गेला. हीच रीत आपल्या सह्याद्रीतही दिसते. महाबळेश्वरचा डोंगर इंग्रजांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतला आणि मालकमपेठ वसवली. कृष्णेचे देऊळ, जावळीची रानेवने, तिथले कोळी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड हे सगळे त्याच्या कितीतरी आधीचे. तरीही ‘इंग्रजांनी शोधलेले महाबळेश्वर’ असे आपणही सहज लिहून जातो.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो. लेपचा तरी मूळचे कशावरून? त्यांची भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली आहे, तेव्हा तेही कधीतरी पूर्वेकडून आले असणार. मग मूळ आणि उपरे हा भेदच पोकळ नाही का? माणसाच्या स्थलांतराची कहाणी पुरेशी मागे नेली तर पृथ्वीवर कोणीच मूळचा उरत नाही, हे कबूल. पण इथे प्रश्न हजारो वर्षांपूर्वी कोण कुठून निघाले हा नाही. राज्यसंस्था, दरबार आणि कंपनी जेव्हा या डोंगरावर पोचल्या तेव्हा तिथे कोण नांदत होते, आणि कोणाला न विचारता ती जमीन हातोहात फिरवली गेली, हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर दानपत्रांत, मोहिमांच्या नोंदींत आणि नद्यांच्या नावांत आहे, आणि त्या उत्तरात लेपचा व लिंबू हे निर्विवाद आहेत.

तिसरा आक्षेप राजकीय आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर. लेपचांचे पहिलेपण मान्य केले की लगेच कोणी म्हणतो, मग गोरखा लोक नेपाळमधून आलेले परके ठरतात. गोरखालँड या वेगळ्या राज्याच्या मागणीला विरोध करताना हा युक्तिवाद वर्षानुवर्षे वापरला गेला आहे. तो दोन ठिकाणी कोसळतो. एक तर, ज्या सीमेवरून परके ठरवायचे ती सीमाच तीस-चाळीस वर्षांत अनेकदा सरकली. लिंबू मेचीच्या दोन्ही बाजूंना पूर्वापार आहेत, दार्जिलिंग परिसरावर गोरख्यांचे राज्य तीसेक वर्षे होते, आणि १८२६ मध्ये लेपचा जीव वाचवायला गेले तेही नेपाळच्याच इलाममध्ये. त्या काळी माणसे नदी ओलांडत, देश ओलांडत नसत. दुसरे असे की राई, तामांग, मगर, गुरुंग, नेवार, शेर्पा यांना इथे आणले ते मळ्यांच्या आणि रस्त्यांच्या गरजेने. जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ च्या ९४,७१२ वरून १९०१ मध्ये २,४९,११७ झाली. ती वाढ ज्यांच्यामुळे झाली, त्यांच्याच डोक्यावरच्या पट्ट्याने पेललेल्या टोपल्यांतून जगाला दार्जिलिंगचा चहा मिळाला. अनेक जातीजमाती, अनेक बोली. नेपाळी भाषेने त्यांना एक समाज केले, आणि त्या समाजाने इंद्रबहादूर राई आणि अगमसिंह गिरी यांच्यासारखे लेखक दिले. त्यांचे प्रतिनिधी अरिबहादूर गुरुंग संविधान सभेत होते. ज्या भारताच्या संविधानाच्या निर्मितीत हे लोक सहभागी होते, त्याच भारतात त्यांच्या नातवंडांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले जाते. स्वतंत्र व्यवस्थेची मागणी १९०७ पासूनची. १९८६ चे रक्तरंजित आंदोलन, १९८८ ची पर्वतीय परिषद, २०११ चा त्रिपक्षीय करार, २०१७ चा १०४ दिवसांचा बंद ही तिची पुढची वळणे. नेपाळीला आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १९९२ उजाडले.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रथम कोण आणि नागरिक कोण हे प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. लेपचांना भाषा, लिपी, देवस्थाने आणि रान यांवर जो विशेष हक्क हवा तो त्यांच्या पहिलेपणातून येतो. गोरख्यांचा हक्क दोन शतकांच्या श्रमातून आणि नागरिकत्वातून येतो. एकाचा दाखला दुसऱ्याविरुद्ध वापरणे ही जुनीच चाल आहे, आणि तिचा फायदा डोंगराबाहेरच्यांना होतो. पश्चिम बंगाल सरकारने २०१३ मध्ये लेपचांसाठी मायेल ल्यांग विकास मंडळ स्थापले, तेव्हा गोरखा नेत्यांनी ही फोडाफोडी आहे असे म्हटले. त्यांच्या शंकेत तथ्य असेलही. त्यानंतर एकामागून एक जमातींची मंडळे निघाली. पण बहुसंख्य नेपाळी भाषकांच्या डोंगरात आपली भाषा शाळेत शिकवली जावी असे लेपचांना वाटते, ही मागणी कोलकात्याने पढवलेली नव्हती. लेपचांची स्वतःची संघटना १९२५ पासून काम करते आहे.

लेपचांविषयी आणखी एक समजूत मोडायला हवी, ती म्हणजे ही जमात संपत चालली आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांना भित्रे, सौम्य, लवकरच नामशेष होणारे ठरवले. खुद्द ए. आर. फोनिंग या लेपचा लेखकाने १९८७ मधल्या आपल्या इंग्रजी पुस्तकाचे नावही त्याच भीतीतून ठेवले. चिंता खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत लेपचा ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे ४७ हजार होते, आणि दार्जिलिंगच्या बाजारात ती क्वचितच कानावर पडते. पण संपत आलेले लोक जलविद्युत कंपन्यांशी झुंजत नाहीत. उत्तर सिक्कीममधले झोंगू हे लेपचांसाठी राखलेले खोरे. तिस्तेवरच्या धरणांविरुद्ध तिथल्या तरुणांनी २० जून २००७ पासून गंगटोकला उपोषण आरंभले, दार्जिलिंग-कालिम्पोंगच्या लेपचांनी त्यांना साथ दिली, आणि झोंगूतले काही प्रकल्प सरकारला रद्द करावे लागले. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटले, चुंगथांगचे १२०० मेगावॉटचे तिस्ता-३ धरण वाहून गेले आणि खाली कालिम्पोंगच्या तिस्ता बाजारापर्यंत घरे गाळात गेली. नदी फुगली तर काय होते, हे ज्यांच्या लग्नाच्या गाण्यांतही आहे, त्यांचे २००७ मध्येच ऐकून घ्यायला हवे होते.

जमिनीचा प्रश्न तर लेपचा आणि गोरखा दोघांनाही जोडणारा आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला दार्जिलिंग चहा ८७ मळ्यांत, सुमारे १७,५०० हेक्टरवर पिकतो. ही जमीन सरकारची, मळेवाल्यांकडे भाडेपट्ट्याने. त्या मळ्यांतल्या वस्त्यांत पाच-पाच, सहा-सहा पिढ्या राहिलेल्या कामगार कुटुंबांच्या नावावर राहत्या घराखालची जागाही नसते. पश्चिम बंगाल सरकारने २०२३ मध्ये पाच डेसिमलपर्यंतचे पट्टे देण्याची योजना आणली, तेव्हा डोंगरातून विरोध झाला, कारण लोकांना वाडवडिलांनी राखलेली पूर्ण जागा हवी आहे, मोजून दिलेला तुकडा नको. १८३५ मध्ये ज्या जमिनीविषयी तिथल्या रहिवाशांना विचारले नव्हते, त्या जमिनीविषयी आजही त्यांना सांगण्यात येते, विचारण्यात येत नाही.

दार्जिलिंगला जाणाऱ्यांनी टायगर हिल आणि बतासिया लूप जरूर पाहावे, पण एक सकाळ भूतिया बस्तीच्या गुंफेसाठी आणि लेबोंग कार्ट रोडवरच्या जुन्या दफनभूमीसाठी ठेवावी. तिथे लॉइडची कबर आहे, आणि तिबेटी भाषेचा पहिला मोठा कोशकार, १८४२ मध्ये इथेच वारलेला हंगेरियन पंडित चोमा द कोरोश याचीही. मग तिस्ता ओलांडून कालिम्पोंगला जावे. तिथल्या बोम बस्तीत पद्मश्री सोनम छिरिंग लेपचा यांनी आयुष्यभर जमवलेली वाद्ये, पोथ्या, शस्त्रे आणि घरगुती वस्तू यांचे संग्रहालय आहे. पेडोंगजवळच्या दामसांगच्या पडक्या गढीवर २० डिसेंबरला गेबू आच्योकच्या जयंतीला लेपचा जमतात; हिवाळ्यात जाणाऱ्यांना तो दिवस साधता येईल. आणि सहलींची माहितीपत्रके व प्रवासवर्णने लिहिणाऱ्या मराठी लेखकांना एक विनंती. दार्जिलिंग इंग्रजांनी १८३५ मध्ये वसवले, हे वाक्य आता लिहू नका. ते त्यांनी सिक्कीमकडून घेतले, त्याआधी तिथे लेपचांचे गाव होते आणि त्यानंतरचे शहर नेपाळी बोलणाऱ्या मजुरांनी बांधले, असे लिहा.